मदत हवी आहे: चाळीतल्या कांद्याचा 'संधी खर्च' कसा काढायचा?

नमस्कार.

मी निफाड तालुक्यातली. बारावीनंतर लग्न झालं आणि शिक्षण थांबलं. चौदा वर्षांनी बी.ए.च्या पहिल्या वर्षाला बाहेरून प्रवेश घेतला आहे. अर्थशास्त्र मुद्दाम घेतलं, कारण आमच्या ओट्यावर रोज संध्याकाळी तेच चालतं, फक्त त्याला कोणी अर्थशास्त्र म्हणत नाही.

स्वाध्यायात 'संधी खर्च उदाहरणासह स्पष्ट करा' असा प्रश्न होता. मी पुस्तकातलं गहू-तांदळाचं उदाहरण न देता आमच्या कांद्याचं दिलं. वही परत आली तेव्हा त्या पानावर लाल शाईत एवढंच होतं: 'हा संधी खर्च नव्हे. पुन्हा लिहा.' संपर्क तास संपलेत, विचारायला जवळ कोणी नाही. परीक्षेपुरती व्याख्या पाठ होईल, पण हा प्रश्न मला परीक्षेपुरता नाही. आठ दिवसांत आमच्या घरात याच गोष्टीचा निर्णय व्हायचा आहे.

परिस्थिती सांगते. मे महिन्यातल्या पावसाआधी काढलेला १०० क्विंटल उन्हाळ कांदा आमच्या चाळीत (कांदा साठवायच्या हवेशीर शेडमध्ये) आहे. लाल कांदा असता तर प्रश्नच नव्हता, तो काढला की बाजारात न्यावाच लागतो. उन्हाळ कांदा नीट सुकवला तर चार-पाच महिने निघतात, म्हणून तर हा पेच. गेल्या आठवड्यात एक ट्रॅक्टर बाजारात नेला होता, लिलावात १,२०० रुपये क्विंटलनं पुकारा झाला. आबा (माझे सासरे) म्हणतात, "बाराशेत काय विकायचं? दिवाळीच्या आधी बघू. चाळ आपली, मजूर लावायचा नाही, ठेवायला पैसा लागतोय कुठं?" यांचं म्हणणं वेगळं. लागवडीच्या वेळी माझे दागिने तारण ठेवून कर्ज काढलं होतं, शेकडा महिना एक रुपया व्याज आहे. विकून ते फेडावं असं यांना वाटतं. आबांना ते पटत नाही, कारण आमचा उत्पादन खर्चच क्विंटलला १,०५० च्या आसपास गेला. बी, लागवडीची मजुरी, खत, औषध, काढणी सगळं धरून. १५० रुपयांसाठी वर्षभर राबलो का, असं ते म्हणतात, आणि त्यांचं दुःख मला कळतं.

मी स्वाध्यायात लिहिलं होतं ते असं: 'कांदा साठवण्याचा संधी खर्च म्हणजे तो पिकवायला आलेला खर्च, क्विंटलला १,०५० रुपये. चाळ आणि श्रम घरचे असल्यामुळे साठवणुकीचा खर्च शून्य.' यात नेमकं काय चुकलं?

दुसरी शंका पण आत्ताच विचारून घेते. मागणीचा नियम सांगतो की किंमत वाढली की मागणी कमी होते. पण मे २०२४ मध्ये निर्यातबंदी उठली तेव्हा भाव चढले, आणि व्यापारी उलट जास्त माल उचलत होते. म्हणजे किंमतही वाढली आणि मागणीही वाढली. मग नियम कुठं गेला? आणि १ एप्रिल २०२५ पासून तर निर्यातशुल्कसुद्धा पूर्ण काढलं, तरी भाव हलला नाही. एकाच कांद्यानं दोन वर्षांत दोन उत्तरं कशी दिली?

कृपया सोप्या भाषेत सांगा. आकडे घातले तरी चालतील, हिशोब मला जमतो.

— पुन्हा विद्यार्थिनी

*

प्रतिसाद: खडूफळा

ताई, मी कनिष्ठ महाविद्यालयात अर्थशास्त्र शिकवतो. तुमचा प्रश्न वाचून फार बरं वाटलं. गहू-तांदूळ सगळेच लिहितात. तुम्ही उदाहरण अगदी योग्य निवडलंत, फक्त चुकीच्या दिशेला पाहिलंत. मागे पाहिलंत, पुढे पाहायला हवं होतं.

१,०५० रुपये हा झालेला खर्च आहे. आज विकला तरी तो झालाच, ऑक्टोबरात विकला तरी झालाच, चाळीत सडला तरीही झालाच. तुमच्यासमोरच्या कोणत्याही पर्यायानं तो परत येत नाही, म्हणून विकायचं की ठेवायचं हे ठरवताना तो बाजूला ठेवायचा. आबांना हे ऐकायला कठोर वाटेल. पुढच्या वर्षी कांदा लावायचा की मका, हे ठरवताना तो आकडा जरूर काढा, तिथं त्याला पूर्ण अर्थ आहे. आजच्या निर्णयात नाही.

संधी खर्च म्हणजे एक पर्याय निवडल्यामुळे हातातून गेलेला दुसरा, सगळ्यात चांगला पर्याय. कांदा चाळीत ठेवला तर काय हातातून जातं? आज मिळणारे १,२०० रुपये. म्हणजे १०० क्विंटलला १,२०,००० रुपये. पुकारा बदलला की तुमचा संधी खर्चही बदलतो. उद्या १,४०० पुकारला तर कांदा ठेवणं तुम्हाला जास्त महाग पडेल, चाळीत काहीच बदललेलं नसताना.

आता 'घरचं आहे म्हणून शून्य' याबद्दल. तीन गोष्टी विचारतो, त्यांची उत्तरं द्या म्हणजे हिशोब मांडतो. १,२०,००० आज आले तर दागिन्यांचं कर्ज तेवढं फिटेल का? तुमची चाळ या पाच महिन्यांसाठी दुसरं कोणी भाड्यानं मागेल का? आणि चाळीतला कांदा निवडायला घरातलं कोण बसतं, ते त्या दिवशी नाहीतर कुठं कामाला गेलं असतं का?

प्रतिसाद: पुन्हा विद्यार्थिनी

सर, कर्ज जवळपास तेवढंच आहे, फिटेल. चाळीसाठी शेजारचे विचारून गेलेत, हंगामाचे ८,००० देतो म्हणाले, आबांनी नाही सांगितलं. निवडायला मी आणि जाऊबाई. पाच महिन्यांत दोघींचे मिळून दहा दिवस जातील. त्या दिवसांत द्राक्षबागेत गेलो तर ४०० रुपये रोज मिळतो.

प्रतिसाद: खडूफळा

मग मांडू या. ठेवल्यामुळे हातातून काय काय जातं:

आज विकला असता तर १,२०,०००. त्या पैशानं फिटलं असतं ते व्याज, महिन्याला १,२०० प्रमाणे पाच महिन्यांचे ६,०००. चाळीचं भाडं ८,०००. तुमचा आणि जाऊबाईंचा रोज ४,०००. एकूण १,३८,०००.

यातल्या शेवटच्या १८,००० पैकी चाळीचे आणि मजुरीचे १२,००० कोणाच्याही खिशातून जाणार नाहीत, त्यांची पावती नाही, म्हणून आबांना ते दिसत नाहीत. पण ते येऊ शकत होते आणि आले नाहीत. शेजाऱ्यांनी चाळ मागितलीच नसती तर भाड्याचे शून्य धरले असते. वस्तू आपली आहे की दुसऱ्याची यानं संधी खर्च ठरत नाही, तिचा दुसरा उपयोग होता की नव्हता यानं ठरतो.

मी घट अजून धरलेली नाही, ती या विषयातली जाणती मंडळी सांगतील.

प्रतिसाद: बागलाणकर

घट मी सांगतो, वीस वर्षं चाळ भरतोय. मेमध्ये भरलेला माल ऑक्टोबरात काढला तर वजन घटतं, काही कांद्याला काजळी (काळी बुरशी) येते, काही सडतो, शेवटी कोंब फुटायला लागतात. चांगली हवेशीर चाळ, चांगला सुकवलेला माल असला तर शंभरातले ऐंशी हाती लागतात. मध्यम असेल तर सत्तर. पावसाळा दमट गेला तर साठ सुद्धा बघितलेत. भिजलेला माल तर भरूच नये, तो शेजारचा चांगलाही घेऊन जातो. ताई, तुमचा पावसाआधीचा आहे हे चांगलं आहे.

म्हणजे सरांचे १,३८,००० तुम्हाला शंभर क्विंटलमधून नाही, सत्तरमधून काढायचेत. भागून बघा.

प्रतिसाद: पुन्हा विद्यार्थिनी

भागलं. सत्तर क्विंटल उरला तर भाव १,९७१ पाहिजे. ऐंशी उरला तर १,७२५. साठ उरला तर २,३००. आणि एवढं मिळालं तर आम्ही फक्त आजच्या जागेवर येतो, फायदा त्याच्या वर.

मी वही पुढ्यात घेऊन दोनदा केलं. आमच्या घरात सगळे 'बाराशेच्या वर काहीही आलं तरी चांगलं' असं धरून बसलो होतो.

प्रतिसाद: खडूफळा

हे तुमचं उत्तर स्वाध्यायात जसंच्या तसं लिहा.

आता मागणीची शंका. नियमात 'इतर परिस्थिती कायम असताना' हे चार शब्द आहेत, आपण ते घाईत वाचून पुढे जातो. सगळा जीव तिथंच आहे. आवडनिवड, उत्पन्न, गिऱ्हाइकांची संख्या, सरकारी धोरण यातलं काही हललं नाही आणि फक्त किंमत वाढली, तर लोक कमी घेतात. याला मागणीचा संकोच म्हणतात, आकृतीत आपण त्याच मागणी वक्रावर वर सरकतो. किंमत उतरली तर विस्तार.

मे २०२४ मध्ये इतर परिस्थितीच बदलली. त्याआधी ८ डिसेंबर २०२३ पासून निर्यात बंद होती. बंदी उठली आणि परदेशातलं गिऱ्हाईक परत आलं. टनाला ५५० डॉलर किमान निर्यातमूल्य (त्याखालच्या भावानं बाहेर विकता येत नाही) आणि ४० टक्के शुल्काची अट होती, तरीही आलं. त्यामुळे सगळा मागणी वक्रच उजवीकडे सरकला, म्हणजे त्याच भावाला आधीपेक्षा जास्त माल मागितला जाऊ लागला. ही मागणीतील वृद्धी. इथं भाव वाढले म्हणून मागणी वाढली नाही, मागणी वाढली म्हणून भाव वाढले. वर्गात या एका वाक्यावर मी दरवर्षी दोन तास घालवतो आणि तरी पेपरात गल्लत होते, तेव्हा तुम्ही वाईट वाटून घेऊ नका.

२०२५ ची गोष्ट अशी. शुल्क गेलं, म्हणजे मागणी पुन्हा उजवीकडे. पण त्याच सुमारास उन्हाळ कांद्याची आवक सुरू झाली, आणि त्या रब्बीत पीक मोठं होतं. पुरवठा वक्रही उजवीकडे गेला. दोन्ही वक्र उजवीकडे सरकले की एवढंच खात्रीनं सांगता येतं की विकला जाणारा माल वाढेल. किंमत वर जाईल की खाली, हे कोण जास्त सरकलं त्यावर. अर्थशास्त्रज्ञ मार्शलनं मागणी-पुरवठ्यासाठी कात्रीचा दाखला दिला होता: कागद वरच्या पात्यानं कापला की खालच्या, असं विचारून उपयोग नाही. तुमच्या दोन वर्षांच्या दोन उत्तरांत नियम कुठंही मोडलेला नाही.

प्रतिसाद: बी.कॉम.वाला

मध्येच विचारतो. आकृतीत किंमत उभ्या अक्षावर का काढतात? गणितात तर कारण आडव्या अक्षावर असतं आणि परिणाम उभ्यावर.

प्रतिसाद: खडूफळा

शंका बरोबर आहे. मार्शलनं तशी काढली आणि तीच पद्धत रूढ झाली. परीक्षेत किंमत उभ्या अक्षावरच ठेवा.

प्रतिसाद: बागलाणकर

ताई, एक राहिलं. सगळा विकायचा की सगळा ठेवायचा, असं कोणी सांगितलं? मी तीन वेळा विकतो. पहिल्या खेपेत ज्याला व्याज चालू आहे तेवढं कर्ज फेडण्यापुरता. चाळीतून जो माल आधी खराब होईल असं वाटतं, गोल्टी (बारीक कांदा) आणि जोड कांदा, तोही आधी काढतो. टणक, एकसारखा, पत्ती (वरची साल) चांगली असलेला तेवढा शेवटपर्यंत ठेवायचा, त्याची घट कमी असते. भाव वर गेला तर थोडा तरी हातात असतो, पडला तर सगळं घर बुडत नाही. आणि सरकार कधी काय करील ते सांगता येत नाही. ऑगस्ट २०२३ मध्ये भाव जरा चढतात न चढतात तोच ४० टक्के शुल्क लागलं, तेव्हा ज्यांचा सगळा माल चाळीत होता त्यांची अवस्था मी डोळ्यांनी पाहिली आहे.

प्रतिसाद: खडूफळा

बागलाणकरांनी जे सांगितलं त्याला आमच्या पुस्तकात सीमांत विचार म्हणतात. शंभर क्विंटलचा एक प्रश्न नाही, प्रत्येक पुढच्या क्विंटलचा वेगळा प्रश्न. गोल्टीसाठी लागणारा भाव वेगळा, टणक मालासाठी वेगळा.

प्रतिसाद: पुन्हा विद्यार्थिनी

काल रात्री जेवणं झाल्यावर आबांना हे सगळं वाचून दाखवलं. १,०५० बाजूला ठेवायचे म्हटल्यावर ते बराच वेळ गप्प बसले. मग म्हणाले, "ते पैसे गेलेच म्हण ना." मला फार वाईट वाटलं, पण सकाळी उठून त्यांनीच चाळीचं दार उघडलं आणि गोल्टी वेगळी करायला सांगितली. चाळीस क्विंटल या आठवड्यात नेतोय. अर्धी चाळ रिकामी होतेय म्हणून शेजाऱ्यांनाही निरोप गेला आहे, ते ३,००० द्यायला तयार आहेत.

सर, स्वाध्याय पुन्हा लिहायला घेतला आणि तिथं नवीन शंका आली. पुस्तकात साठा आणि पुरवठा वेगळे दिलेत. उरलेला साठ क्विंटल आमच्या चाळीत आहे तोवर तो साठा, आणि एखाद्या भावाला आम्ही विकायला तयार झालो की तेवढा पुरवठा, इथवर कळलं. पण नाफेड (सरकारसाठी कांदा खरेदी करणारा सहकारी महासंघ) राखीव साठ्यासाठी कांदा घेतं तेव्हा त्याला काय म्हणायचं? घेतात आमच्याकडून, आणि पुढे विकतातही तेच.

प्रतिसाद: खडूफळा

घेताना ते बाजारातले गिऱ्हाईक, म्हणून मागणी. गोदामात आहे तोवर साठा. सणासुदीला शहरात विकायला काढला की पुरवठा. उन्हाळ्यात त्यांच्या खरेदीनं तुमचा भाव थोडा सावरला जातो, आणि तुम्ही शेवटचा माल काढायच्या वेळी तोच कांदा तुमच्या समोर बाजारात उभा असतो. तुमच्या साठ क्विंटलला ऑक्टोबरात काय भाव येईल याचा अंदाज बांधताना तेही धरा.