वरचे तीन लाख टिकतील का? फोंड्याच्या आमच्या सोसायटी ग्रुपवरची चर्चा

गावडे वहिनी (बी-३०१): नमस्कार मंडळी. टाकीचा विषय संपला असेल तर एक विचारू का? आमचा सोहम क्रूझवरून सुट्टीला आलाय. पणजीतला एक ओळखीचा माणूस त्याला रोलेक्सचं सबमरिनर घड्याळ देतोय, वापरलेलं. शोरूमच्या छापील किमतीपेक्षा तीन लाख जास्त मागतोय. मुलगा म्हणतो, "आई, ही गुंतवणूक आहे, दोन वर्षांत अजून वर जाईल." मुदत ठेव मोडायची आणि उरलेल्याचं कर्ज काढायचं, असं चाललंय. वापरलेल्या वस्तूला नव्यापेक्षा जास्त पैसे का, हेच मला समजत नाही. कोणाला यातलं कळतं का?

सेक्रेटरी: टाकीचं उद्या बघू. विचारा बिनधास्त.

तेजस (डी-४०३): काकी, सोहम चुकीचं बोलत नाही. रोलेक्सच्या शोरूममध्ये गेलात आणि मागितलंत की लगेच मिळत नाही. नाव नोंदवायचं आणि थांबायचं. ज्याला आजच हवंय तो वरचे पैसे देतो. कंपनी छापील किंमतही वाढवतच असते. २०१७ मध्ये न्यूयॉर्कच्या लिलावात पॉल न्यूमन या नटाचं रोलेक्स डेटोना पावणेदोन कोटी डॉलरच्या वर गेलं. ही घड्याळं पडून राहत नाहीत.

शिरोडकर (सी-२०४): तेजस, त्या घड्याळाला भाव आला तो न्यूमनमुळे. त्याच्या मनगटावरचं, पाठीमागे पत्नीने मजकूर कोरून घेतलेलं घड्याळ होतं ते. त्याच तऱ्हेच्या डायलचं डेटोना नवं असताना दुकानात कोणी हात लावत नसे.

वहिनी, मी दुबईत घड्याळांच्या दुकानात नोकरी केली आहे, म्हणून जरा सविस्तर लिहितो.

पहिली गोष्ट, महागडं घड्याळ म्हणजे वर जाणारं घड्याळ, असं मुळीच नाही. ओमेगा, टॅग ह्यूअर, ब्राइटलिंग, आयडब्ल्यूसी यांची बहुतेक मॉडेलं दुकानाबाहेर पडली की छापील किमतीच्या खाली विकली जातात. वर जातात ती मोजकी: रोलेक्सची काही स्टीलची मॉडेलं, पाटेक फिलिपचं नॉटिलस, ऑडमार पिगेचं रॉयल ओक. पाटेक वर्षाला साधारण सत्तर हजार घड्याळं बनवतं, ते खरंच थोडं आहे. रोलेक्स आपला आकडा जाहीर करत नाही, पण जाणकारांचे अंदाज वर्षाला दहा लाखांच्या वरचे आहेत. म्हणजे सबमरिनर ही काही दुर्मीळ वस्तू नाही. मिळायला वेळ लागतो, आणि तो वेळ वाचवायचे पैसे हा माणूस मागतोय.

शिरोडकर (सी-२०४): आता २०२० ते २०२२ मध्ये काय झालं ते सांगतो, कारण आजचे सगळे भाव त्या दोन वर्षांच्या आठवणीवर मागितले जातात.

मार्च २०२० मध्ये रोलेक्सने कारखाने काही आठवडे बंद ठेवले. लोक घरात बसलेले, प्रवास बंद, लग्नसमारंभ बंद, पैसा खर्चायला जागा नाही. अमेरिकेत व्याज जवळजवळ शून्य. क्रिप्टोत कमावलेली तरुण मुलं पहिलं काय घेत असतील तर घड्याळ. त्यात २०२१ च्या सुरुवातीला पाटेकने नॉटिलस ५७११ बंद करत असल्याचं सांगितलं. त्याची छापील किंमत पस्तीस हजार डॉलरच्या आसपास होती. २०२२ च्या पहिल्या तीन महिन्यांत ते दीड लाख डॉलरच्या वर विकलं जात होतं. रोलेक्सचं पांढऱ्या डायलचं स्टील डेटोना छापील साडेचौदा हजारांचं, बाजारात चाळीस हजारांच्या वर.

मार्च २०२२ मध्ये अमेरिकेच्या मध्यवर्ती बँकेने व्याजदर वाढवायला सुरुवात केली. मे महिन्यात क्रिप्टो कोसळलं. त्यानंतर व्यापाऱ्यांनी तिजोरीत धरून ठेवलेला माल एकदम बाहेर आला. पुढच्या वर्षी नॉटिलस लाख डॉलरच्या आसपास होतं आणि डेटोना तीस हजारांच्या आसपास. घसरण दोन वर्षांहून जास्त चालली. घड्याळ तेच होतं, तोच डायल, तीच मशीन. ज्यांनी छापील किमतीला घेतलं होतं ते तेव्हाही फायद्यात राहिले. शिखरावर वरचे पैसे मोजणाऱ्यांचा तिसरा हिस्सा तरी गेला, कर्ज काढलेल्यांचं व्याज वेगळं.

प्रीती (ए-४०२): बापरे. हे एवढं मला माहीतच नव्हतं.

कामत आजोबा (ए-१०१): वाचतोय मी. एक जुनी गोष्ट सांगतो. १९५५ नंतर भारत सरकारने गोव्याची आर्थिक नाकेबंदी केली तेव्हा पोर्तुगीजांनी बाहेरचा माल मोकळेपणी येऊ दिला. खाणींचा पैसा येत होता, तो या मालावर जायचा. स्विस घड्याळं पणजी-मडगावच्या दुकानांत सहज मिळत. भारतात आयातीवर बंधनं, त्यामुळे तेच घड्याळ सावंतवाडीला किंवा बेळगावला पोचलं की त्याचं मोल बरंच वाढे. लोक मनगटापासून कोपरापर्यंत घड्याळं बांधून, वर लांब बाहीचा सदरा घालून पलीकडे नेत. १९६१ मध्ये गोवा मुक्त झाला, मग तिकडचे लोक इकडे आले आणि दुकानांतल्या फळ्या रिकाम्या करून गेले. नेणाऱ्यांचा धंदा तिथेच बसला. तो वरचा पैसा सीमेवरच्या चौकीमुळे मिळत होता, चौकी उठली आणि तोही गेला.

शिरोडकर (सी-२०४): आजोबा, मी जे सांगायला धडपडतोय ते तुम्ही थोडक्यात सांगितलंत. वरचा भाव कशामुळे आहे ते शोधायचं आणि ती अडचण किती दिवस राहील ते बघायचं.

प्रभुदेसाई मॅडम, सीए (डी-१०१): चौकीचा विषय निघालाच आहे तर हेही वाचा. स्वित्झर्लंड आणि त्याच्या गटातल्या आणखी तीन देशांशी भारताने केलेला व्यापार करार १ ऑक्टोबर २०२५ पासून लागू झाला आहे. स्विस घड्याळांवर मूळ सीमाशुल्क वीस टक्के होतं, ते सात वर्षांत टप्प्याटप्प्याने शून्यावर यायचं आहे. छापील किंमत लगेच तेवढी उतरेल असं मी म्हणत नाही, कंपन्या आपली किंमत वाढवू शकतात, रुपयाही घसरू शकतो. पण भारतातल्या जुन्या घड्याळाला "इथे कर लागतो म्हणून महाग" असा जो आधार होता तो दर वर्षी थोडा कमी होणार.

दुसरं, तो विक्रेता रोख मागतोय का? एका व्यवहारात दोन लाख किंवा त्याहून जास्त रोख घ्यायला आयकर कायद्यात मनाई आहे. बिल नाही, बँकेतून पैसे नाहीत, असं असेल तर उद्या हेच घड्याळ चांगल्या दुकानात विकायला नेल्यावर तुमच्याकडे दाखवायला काही नसेल. शोरूममधून दहा लाखांवरचं घड्याळ घेतलं तर एप्रिल २०२५ पासून दुकानदार एक टक्का टीसीएस, म्हणजे सरकारसाठी आगाऊ गोळा केलेला आयकर, घेतो, पण तो विवरणपत्र भरताना आपल्या करात धरता येतो. त्याला घाबरून काळ्या बाजूने जाऊ नका.

गावडे वहिनी (बी-३०१): अर्धे रोख म्हणालाय.

प्रभुदेसाई मॅडम, सीए (डी-१०१): मग माझ्या मते विषय इथेच थांबवा.

तेजस (डी-४०३): रोखीचं मॅडमचं म्हणणं मान्य. पण काका, तुम्ही पडझड सांगितली, पुढचं सांगितलं नाही. २०२५ मध्ये घसरण थांबली. सगळी हवा निघून गेल्यावरही डेटोना छापील किमतीच्या बरंच वर आहे. म्हणजे हा भाव नुसता फुगा नाही, खाली काहीतरी घट्ट आहे. रोलेक्स मुद्दाम कमी माल सोडतं आणि सोडत राहील.

शिरोडकर (सी-२०४): तेजस, तुझा मुद्दा बरोबर आहे आणि मी तो टाळणार नाही. डेटोनासारख्या थोड्या मॉडेलांवरचा वरचा भाव बराच काळ राहील असं मलाही वाटतं. त्याची मागणी पिढ्यान्‌पिढ्या आहे आणि दुकानात ते क्वचितच येतं. पण वहिनींच्या मुलाला डेटोना कोणी देत नाहीये. सबमरिनर आहे. त्यावरचा वरचा भाव २०२२ च्या मानाने परदेशात कितीतरी उतरलाय. तीन लाख हा आकडा मला जुना वाटतो.

माल कमी सोडण्याबद्दल म्हणशील तर स्वित्झर्लंडमधल्या बुल गावात रोलेक्स नवा कारखाना उभारतंय, खर्च एक अब्ज फ्रँकच्या वर, २०२९ ला सुरू करायचा बेत. एवढा पैसा कोणी माल न वाढवण्यासाठी घालत नाही. डिसेंबर २०२२ पासून कंपनी स्वतःच अधिकृत डीलरांकडून जुनी रोलेक्स तपासून, दोन वर्षांच्या हमीसह विकते. म्हणजे जुन्या घड्याळाच्या धंद्यात आता खुद्द मालकच उतरलाय. पणजीच्या माणसाची हमी काय? त्याचा फोन नंबर.

माल आला की काय होतं त्याचं उदाहरण बघ. मार्च २०२२ मध्ये स्वॉचने ओमेगाच्या स्पीडमास्टरसारखं दिसणारं मूनस्वॉच काढलं, किंमत २६० डॉलर. लंडनपासून सिंगापूरपर्यंत रांगा, गर्दीमुळे काही दुकानं बंद करावी लागली, आणि त्याच आठवड्यात लोक ऑनलाइन अनेक पटींनी विकत होते. कंपनी पहिल्यापासून सांगत होती की हे मर्यादित संख्येत नाही, येत राहणार आहे. तसंच झालं, माल येत राहिला आणि वरचे पैसे गेले.

गांवकर (सी-१०३): मी घड्याळातला नाही, पण मी धारबांदोड्याचा. आमच्याकडे चीनला खनिज जात होतं तेव्हा प्रत्येक घरासमोर ट्रक. ट्रक घेतला की धंदा मिळणारच, असा हिशेब. जमीन गहाण टाकून दुसरा, तिसरा घेतला लोकांनी. २०१२ च्या सप्टेंबरात खाणी थांबल्या आणि तेच ट्रक दारात गंजले, हप्ते चालू. माझ्या घरच्यांनी ते भोगलंय. वहिनी, ट्रक निदान वाळू तरी वाहतो. कर्ज काढून घेतलेलं घड्याळ हप्ता भरायला काहीच कमावत नाही. मुलाला एवढंच सांगा, मोठ्या भावाचं सांगणं समजून.

गावडे वहिनी (बी-३०१): सांगते, दादा. सोहमला ग्रुपवर घेतलंय, तोच वाचतोय आता.

सोहम: नमस्कार सगळ्यांना. काका, सगळं वाचलं. एक खरं सांगतो, भाव वर जाईल हे मी आईला पटवायला जास्त बोललो. मला ते घड्याळ मनापासून हवंय. जहाजावरचा आमचा चीफ इंजिनिअर तेच घालायचा. अशा वेळी काय करावं?

शिरोडकर (सी-२०४): सोहम, हे ऐकून मला बरं वाटलं. हवंय म्हणून घ्यायचं तर हिशेब वेगळा, आणि मी तुला नको म्हणणार नाही. चांगलं मशीन आहे, दहा-एक वर्षांनी सर्व्हिसिंग केलं की आयुष्यभर चालतं. पण मग तीन लाख वर कशाला? ते फक्त घाईचे पैसे आहेत. शोरूममध्ये नाव नोंदव, जहाजावरून ये-जा करतोस तेवढ्यात नंबर लागेल. तुला तेच मॉडेल नवं, पाच वर्षांच्या हमीसह, स्वतःच्या नावाच्या बिलावर मिळेल.

आणि एक काम कर. त्या माणसाकडून घड्याळाचे आणि वॉरंटी कार्डाचे फोटो घे. काचेखाली डायलभोवतीच्या आतल्या कड्यावर सहाच्या आकड्याजवळ सीरियल नंबर कोरलेला असतो, तो कार्डाशी जुळतो का बघ. पट्टा जिथे अडकतो त्या कानांच्या कडा धारदार आहेत की गोल झाल्यात ते बघ. गोल झाल्या असतील तर पॉलिश मारलंय, तिथे किंमत पडते. हल्ली नक्कल इतकी चांगली येते की पाठ उघडल्याशिवाय मीसुद्धा खात्री देणार नाही. मग मुंबईतल्या एक-दोन जुन्या घड्याळांच्या व्यापाऱ्यांना फोन लाव आणि विचार, "माझ्याकडे हे आहे, मला विकायचंय, काय द्याल?" घेणाऱ्याला सांगतात तो भाव नको, विकणाऱ्याला देतात तो भाव विचार.

सेक्रेटरी: उद्या सकाळी सात ते नऊ पाणी बंद. टाकी साफ करणार आहेत. चर्चा चालू ठेवा.

सोहम: काका, आज दुपारी दोन ठिकाणी विचारलं. तेच मॉडेल, तेच वर्ष, बॉक्स आणि कार्डासह. दोघांनीही छापील किमतीच्या खालचा आकडा सांगितला. एकाने तर आधी घड्याळ पाठवा, तपासून मग सांगतो म्हटलं. पणजीवाल्याला मी विचारलं, महिन्याभराने याच भावाला परत घ्याल का? तो म्हणाला, तेव्हा बाजार बघून सांगतो.

गांवकर (सी-१०३): मिळालं ना उत्तर.

सोहम: हो. मुदत ठेव मोडत नाही. शोरूममध्ये नाव नोंदवतो.

गावडे वहिनी (बी-३०१): सगळ्यांना देव बरें करूं. विशेष करून शिरोडकर बाब तुम्हाला.

तेजस (डी-४०३): सोहम, तारखेचा चौकोन असलेलं घेणार की बिनतारखेचं? विकायला तारखेचं सोपं, असं ऐकलंय.

शिरोडकर (सी-२०४): तू जहाजावर वेगवेगळ्या देशांच्या वेळा बदलत असतोस, सोहम. तारीख मागे-पुढे करत बसावं लागतं ते तुलाच ठाऊक. दोन्ही हातावर घालून बघ आणि जे आवडेल त्यालाच नाव लाव. दोन्हींना लावू नकोस, शोरूमवाल्यांना वाटतं पुढे विकायला घेतोय.