मर्यादवेल आणि नेरिटा: तुलना कशी मांडावी?

प्रश्न
नववीच्या प्रकल्पासाठी हर्णैच्या वाळूतली मर्यादवेल आणि खडपावरचा नेरिटा शंख घेतलाय. पानासमोर शंख ठेवला की तक्ता ओढूनताणून केलेला वाटतो. मुद्दे कोणते घ्यावेत? मोजणी कशी करावी? आणि वेलीचं बी दोन आठवडे भिजवूनही रुजत नाही, का?

उत्तर १
सर, अवयवाला अवयव जोडू नका, अडचणीला अडचण जोडा. सुकून जाण्याचा धोका दोघांनाही आहे. वेल भरतीच्या रेषेवर, तापलेल्या वाळूत आणि खाऱ्या तुषारांत जगते. तिचं पान जाड असतं आणि पेरापेराला मुळं फुटतात. नेरिटा भरती-ओहोटीच्या मधल्या पट्ट्यात राहतो. पाणी ओसरलं की कपारीत शिरतो, शंखात थोडं पाणी धरून चुनखडीचं झाकण घट्ट लावतो.

दुसरा मुद्दा प्रसाराचा, आणि तक्ता चुकतो तो इथेच. बियांसमोर अंडी लिहिली जातात. पण नेरिटाची अंडी दगडाला चिकटलेल्या कोषांत असतात. प्रवाहाबरोबर दूर जातात ती त्यांतून निघालेली पिल्लं, म्हणजे डिंभ. वेलीचं बी स्वतःच तरंगतं. म्हणून बीसमोर डिंभ लिहा. शिवाय वेलीच्या एकाच फुलात पुंकेसर-स्त्रीकेसर दोन्ही असतात, नेरिटात नर-मादी वेगळे.

उत्तर २
मोजणीला एकच माप लावू नका. नेरिटासाठी ५० × ५० सेंमीची चौकट ठेवून शंख मोजा, ४ ने गुणलं की चौरस मीटरचा आकडा मिळतो. अशा १० चौकटी तरी घ्या. वेलीची संख्या मोजता येत नाही, कारण पेरांना मुळं धरल्यावर एक वेल कुठे संपते आणि दुसरी कुठे सुरू होते ते वरून कळत नाही. तिथे १ × १ मीटरच्या चौकटीत किती टक्के वाळू झाकली तेवढंच लिहा.

वेळ द्वितीयेची धरा. तिथीच्या आकड्याची पाऊणपट म्हणजे पूर्ण भरतीची वेळ, द्वितीयेला दोनची पाऊणपट, दुपारी दीडच्या सुमारास. म्हणजे सकाळी साडेसातच्या आसपास ओहोटी. साडेसहाला खडपावर पोचा, पाणी फिरलं की मुलांना वर काढा. भरतीचं वेळापत्रक मात्र आधी बघाच.

उत्तर ३
शंखातून पाय डोकावले तर तो खेकडा, मोजू नका. शंकूच्या आकाराचा जिवंत शंख मुलांना हातात घेऊ देऊ नका, त्याचा दंश विषारी असतो.

बी रुजत नाही कारण कवचातून पाणी आत जात नाही. देठाच्या खुणेच्या विरुद्ध बाजूला सँडपेपरवर घासा, आतला फिकट भाग दिसला की थांबा. मग रात्रभर गोड्या पाण्यात ठेवा. सकाळी फुगलं नसेल तर पुन्हा घासा.