पाळूतून पाणी यायलंय, काय करावं? (मदत हवी)

काळं_रान: पाळूतून, म्हणजे मातीच्या भरावातून, काल रात्रीपासून पाणी यायलंय. भोक बुजवायला सिमेंट चालतं का? लवकर सांगा, पाऊस थांबेना.

ओलिताचा_राजा: माती सोडा, ५०० मायक्रॉनचा प्लास्टिकचा कागद अंथरा. माझ्या शेततळ्यातून थेंब जात नाही.

काळं_रान: शेततळं नाही हो. गावाच्या वरचा मातीचा बांध. ओढा वेशीत शिरायचा म्हणून बांधलेला. भूम तालुका.

जुना_ओव्हरसियर: पाणी नितळ का गढूळ? पायथ्याला का वर? सांडवा (जादा पाणी जायची वाट) वाहतोय का?

खडकपाणी: खेकडे असणार.

जुना_ओव्हरसियर: २०१९ ला तिवरे धरण फुटलं तेव्हाही खापर खेकड्यांवरच फोडलं होतं. घुशीची बिळं, बाभळीची मुळं, नीट न दाबलेला भराव, हे बघा आधी.

खडकपाणी: आमच्या पाझर तलावाला हात जाईल एवढी बिळं होती, डोळ्यांनी बघितलीत. तरी टिकला, कारण १९७२ च्या दुष्काळातलं काम. धुम्मस मारून मारून दाबलेली माती. आता जेसीबीनं ढीग लावायचा की झालं बिल.

शिवारफेरी: तेव्हाचे सगळेच टिकले असं नाही काका. अर्धे गाळानं भरलेत.

काळं_रान: पायथ्याला, बाभळीजवळ. करंगळीएवढी धार. सकाळी नितळ होती, आता चहासारखी. तांब्यात धरली तर तळाला माती बसायली. सांडवा कशाचा वाहतोय, पोती आहेत ना तिथं.

जुना_ओव्हरसियर: कसली पोती??

काळं_रान: मासेवाल्या गुत्तेदाराची. वाळूची, दोन हात उंच. दरवर्षीच असतात.

जुना_ओव्हरसियर: अहो, हे आधी सांगायचं! पूर अडवायला बांधलेला बांध, आणि पोती लावून पुराच्या पाण्याची जागाच आधी भरून ठेवलीत. गढूळ पाणी म्हणजे पाळू आतून वाहून चाललीय. ओढ्याकाठची घरं आत्ता हलवा, तहसीलला आणि १०७७ ला (जिल्हा आपत्ती कक्ष) फोन करा. सिमेंट अजिबात नको, तिथं बुजवलं की पाणी दुसरीकडून फोडेल. धारेवर जाड वाळू, वर खडी, वर दगड. पाणी जाऊ द्यायचं, माती अडवायची. पोती एकेक काढा, एकदम नाही. पाळूवर गर्दी नको.

काळं_रान: घरं हलवायलोत. तहसीलवाले निघालेत म्हणे. पोती काढायला गेलो तर गुत्तेदाराची माणसं आडवी आलीत, मासे जातील म्हणतात.

ओलिताचा_राजा: मासे कोणते? रोहू का कटला?