मदत हवी आहे: मेहर वेगळी, बांगड्या वेगळ्या, हे सिद्ध कसं करायचं?

आपाचा (मोठ्या बहिणीचा) निकाह 2019 मध्ये मुंब्र्यात झाला. निकाहनाम्यात मेहर (निकाहात नवऱ्याने बायकोला द्यायची ठरलेली रक्कम) 51,000 रुपये, तीही बाकी. सासरच्यांनी चार तोळ्यांच्या बांगड्या घातल्या, त्यांची नोंद नाही. आता तलाक झाला, इद्दतही (तलाकनंतर थांबायचा काळ) संपली. ते म्हणतात, बांगड्या म्हणजेच मेहर. आणि बांगड्या त्यांच्याच कपाटात!

तलाकनंतर मुस्लिम बाईच्या हक्कांसाठीच्या 1986 च्या कायद्याचं कलम 3 वाचलंय: मेहर तिची, सासरकडून मिळालेल्या वस्तूही तिच्याच. काझीसाहेबांच्या रजिस्टरची नक्कल घेतली, त्यातही रोख मेहरच आहे. जमातीत दोनदा बसून झालं, त्यामुळे तडजोड सुचवू नका.

पावती त्यांच्याकडे. आमच्याकडे फक्त व्हिडिओ, सासूबाई स्वतः बांगड्या घालताना. ठाण्याच्या मॅजिस्ट्रेट कोर्टात असा अर्ज कुणी केलाय का? पावतीशिवाय एवढ्यावर भागतं का?