खंबाटकीत गाडी हीट होतीय, गावात काही नाही. नक्की काय गेलंय? मदत हवी आहे

नमस्कार मंडळी,

गाडी २०१३ ची डिझेल हॅचबॅक, सेकंड हँड घेतलेली, १ लाख ४२ हजार किमी झालंय. आम्ही वाळवा तालुक्यातले, महिन्यातनं दोनदा पुण्याला बहिणीकडं जाणं होतं. जाताना काही नाही, पण येताना खंबाटकी चढायला लागलो की टेंपरेचरचा काटा निम्म्यावरनं सरकायला लागतो आणि घाट संपायच्या आत लाल पट्टीला टेकतो. एसी बंद केला की जरा खाली येतो, परत चालू केला की परत वर. गावात, शेतात, इकडं तालुक्याला जाऊन आलो तर काटा हलत पण नाही.

मागच्या खेपेला घाटातच बाजूला घेतली, बॉनेट उघडलं तर बाटलीत कुलंट (इंजिन गार ठेवायचं पाणी) उकळतंय. आमचे आप्पा गप बसतील तर शपथ, मी नको नको म्हणेपर्यंत त्यांनी रेडिएटरचं झाकण फिरवलं आणि वाफेचा असा फवारा आला की हातावर टॉवेल होता म्हणून वाचले. वर बाटलीतलं प्यायचं पाणी ओतून कसेबसे आलो.

आत्तापर्यंत गावच्या मिस्त्रीनं थर्मोस्टॅट, म्हणजे इंजिन तापलं की रेडिएटरकडं पाणी सोडणारा व्हॉल्व्ह, काढून टाकला (म्हणाला आपल्याकडं लागतच नाही), फॅनचा रिले बदलला, वॉटर पंप बदलला. ६-७ हजार गेले, फरक शून्य. आता दुसऱ्या एका गॅरेजवाल्यानं गाडी न खोलताच सांगितलं की हेड गॅस्केट (इंजिनचं हेड आणि ब्लॉक यांच्यामधलं सील) गेलंय, ३५ हजार लागतील. ऊस जाऊन बिल यायचंय अजून राव. खरंच हेड उघडायला लागणार का?

जुनाफिटर:
दादा, ३५ हजार खिशातच ठेवा आधी. एकेक पार्ट बदलत बसण्यापेक्षा गाडी कधी हीट होते ते बघायचं, निम्मं उत्तर त्यातच असतं. उभ्या गाडीत, ट्रॅफिकमध्ये हीट होते आणि पळायला लागली की उतरते, तर फॅन, रिले, सेन्सर असलं बघायचं. तुमचं उलटं आहे, लोड आला की हीट होतीय. म्हणजे उष्णता तयार होतीय तेवढी बाहेर पडत नाही. रेडिएटर आतनं चोकअप, नाहीतर बाहेरनं, नाहीतर पाणी कमी, नाहीतर गॅस्केट. गॅस्केटचं उद्या सकाळी घरीच बघा. इंजिन गार असताना झाकण काढा, चालू करा, पाण्यात सारखे बुडबुडे येतायत का बघा. ऑइलचं झाकण काढून आत ताकासारखा पांढरट थर आहे का बघा. आणि गार इंजिन चालू केल्यावर मिनिटाभरातच वरचा होस पाईप दगडासारखा कडक होतोय का. तिन्ही उत्तरं लिहा इथं.

घाटवाट:
मला पण यवतेश्वरच्या घाटात असंच व्हायचं, कासला जाताना. माझं झाकण खराब निघालं, शे-दीडशे रुपयाची वस्तू. झाकणातल्या स्प्रिंगनं प्रेशर धरलं तरच पाणी १०० च्या पुढं, साधारण १२० पर्यंत उकळत नाही, स्प्रिंग सैल झाली की १०० लाच उकळी. बाटलीत कुलंट उकळत होतं म्हणताय म्हणून सांगितलं. आणि आप्पांना सांगा, झाकण गार झाल्याशिवाय हात लावायचा नाही, अर्धा तास गेला तर गेला.

मिरज_जंक्शन:
थर्मोस्टॅट काढला ते बरंच केलं, माझ्या गाडीत आठ वर्षं नाही, काय झालं नाही.

जुनाफिटर:
भाऊ, तुमच्या गाडीत चाललं म्हणून सगळ्यांच्यात चालेल असं नाही. तो साधारण ८५ च्या आसपास उघडतो, इंजिन लवकर कामाच्या टेंपरेचरला आणतो. काढला की गार इंजिन पळत राहतं, डिझेल जास्त पितं. आणि काही इंजिनात तोच थर्मोस्टॅट उघडताना बायपासची वाट बंद करतो, तो नसला की पाणी रेडिएटरमध्ये न जाता बरंचसं तिकडनंच फिरतं, म्हणजे उलट जास्त हीट. दादा, नवीन टाकून घ्या.

(मूळ धागाकर्ता):
सकाळी बघितलं. बुडबुडे सुरुवातीला दोन-चार आले मग बंद. ऑइल काळं, ताक नाही. होस कडक नाही. पण पाणी गंजल्यागत तांबडं आहे. आप्पांनी कबूल केलं की दोन वर्षं बोअरचंच पाणी टाकतायत.

जुनाफिटर:
मग गॅस्केट मागं ठेवा. बोअरच्या क्षारानं आत थर बसतो, भांड्याच्या बुडाला बसतो तसाच. फ्लश करून (आतनं पाणी सोडून धुऊन) कुलंट आणि डिस्टिल्ड वॉटर निम्मं निम्मं भरा. पण त्याच्या आधी एक फुकटचं काम. रात्री बॉनेट उघडून इंजिनच्या बाजूनं रेडिएटरवर टॉर्च मारा आणि दुसऱ्याला पुढं जाळीसमोर उभं करा, उजेड आरपार दिसतोय का बघा. पुढं एसीचा कंडेन्सर असतो, मागं रेडिएटर, दोघांच्या मधल्या फटीत काय साठलंय ते वरनं दिसत नाही.

घाटवाट:
गाडी शेतात जाते का? उसाच्या पट्ट्यातली गाडी आहे म्हणून विचारतोय.

(मूळ धागाकर्ता):
रोज. आणि तोडणीच्या दिवसात ट्रॅक्टर-ट्रॉलीच्या मागं मागंच असतो.

(मूळ धागाकर्ता, चार दिवसांनी):
मंडळी, टॉर्च मारला, वरच्या चार बोटांतनं उजेड, खाली सगळा अंधार. आप्पा म्हणाले बॅटरी गेली असेल. काल बंपर खोलून कंडेन्सर पुढं सरकवला तर मधे पाचटाचे तुकडे, उसाची काजळी, वाळलेला काळा चिखल, किडे, सगळं मिळून गोधडीसारखा थर! पोरानं अक्षरशः हातानं सोलून काढला. मोठ्या प्रेशरनं पाणी मारलं नाही, रेडिएटरच्या पातळ पत्र्या (फिन्स) वाकतात म्हणे, मागनं पुढं हळू पाणी आणि मग हवा. फ्लश केलं, तांबडं पाणी तीन वेळा आलं, नवीन थर्मोस्टॅट, नवीन झाकण. मजुरीसकट ३,८०० झाले.

आणि आज पुण्याहून आलो. चार माणसं, एसी चालू, दुपारचे दोन, खंबाटकीत पुढं उसाचा ट्रक म्हणून दुसऱ्या गियरवर रांगत चढलो. काटा निम्म्यावर, जागचा हलला नाही. जुनाफिटर, तुम्ही सांगलीत असाल तर भडंगाचं पाकीट माझ्याकडनं.

कुलंटची लेव्हल आता महिनाभर बाटलीवर मार्करनं खूण करून बघणार आहे, कमी झाली तर परत येतो इथंच त्रास द्यायला. आप्पांनी मात्र डिकीत पाच लिटरचा कॅन ठेवलाय. पाणी बोअरचंच आहे.