मदत हवी आहे: पहिल्या वर्षाची मुलं दुसऱ्या भेटीला येत नाहीत

पुण्यातल्या एका कॉलेजात दुसऱ्या-तिसऱ्या वर्षाचे १२ जण पहिल्या वर्षाच्या ९६ मुलांना नाट्यमंडळ, एनएसएस (राष्ट्रीय सेवा योजना), वादविवाद, गिर्यारोहण यांत वाट दाखवतात. प्रत्येकाकडे ८ जण. पहिली भेट २० मिनिटांची, एकेकट्याशी: आवड काय, आठवड्यात मोकळे तास किती, घरी किती वाजता पोचायचं. इथवर ठीक चालतं. दुसऱ्या भेटीला निम्मेही उरत नाहीत.

करून पाहिलेलं: व्हॉट्सअ‍ॅप ग्रुप (सगळे वाचतात, बोलत कुणीच नाही), क्लबांची छापील यादी, गूगल फॉर्म. यादीने उलट गोंधळच वाढला. त्यापेक्षा एकच क्लब सुचवून पहिल्या बैठकीला स्वतः सोबत गेलो, तेव्हा मुलं टिकली. पण १२ जणांना ९६ वेळा सोबत जाणं झेपत नाही.

अडचणी अशा: प्रॅक्टिकल पाचपर्यंत, बरेच जण पीएमपीएमएलच्या बसने लांबून येतात, काही 'कमवा व शिका' योजनेत काम करतात. एनएसएसचे वर्षाला १२० तास ऐकूनच काही मागे सरतात. पुरुषोत्तम करंडक या एकांकिका स्पर्धेच्या तालमी तर कॉलेजचे प्रवेश पुरते संपायच्या आतच सुरू होतात, त्यामुळे नवख्यांना बॅकस्टेजच्या कामाचंही उशिरा कळतं. मानधन, बजेट शून्य. हजेरीची सक्ती करायची नाही.

ज्यांनी हे प्रत्यक्ष चालवलंय त्यांना विचारायचंय: दुसरी भेट पहिलीनंतर किती दिवसांत ठेवता? आणि सोबत जायचं काम क्लबमधल्याच कुणावर सोपवलं, तर तो माणूस कसा निवडता?