मदत हवी आहे : अंगणातलं खेळघर डोलतंय, पावसाआधी उरकायचंय

अबोली_मुलुंड
मे संपत आला. सुट्टीत सगळ्यांनी मिळून काहीतरी करू म्हणून मागच्या अंगणात पोरांसाठी लाकडी खेळघर बांधायला घेतलं. चार रविवार त्यात गेले. चौकट उभी आहे, पण खांद्याने जरा रेटली की कलते. नवरा म्हणतो आणखी खिळे मारू. सासरे म्हणतात पाय सिमेंटात गाडू. धाकटी म्हणते आधी जांभळा रंग द्या. मला एवढंच सांगा, डोलणं थांबवायचं कसं? यूट्यूब बघा म्हणू नका, ते बघूनच ही वेळ आलीय.

सुतारपक्षी
केवढं आहे? लाकूड कुठलं? खिळे की स्क्रू? तिरप्या पट्ट्या आहेत की नुसतं उभं-आडवं? मुलं केवढी? काहीच न सांगता नुसतं ‘डोलतंय’ म्हटलं तर काय, बोटही डोलते.

पावट्याची_उसळ
ताई, प्लास्टिकचं तयार मिळतं. आम्ही तेच आणलं. अर्ध्या तासात जोडून झालं, पाण्याने धुताही येतं.

अबोली_मुलुंड
तयारच घ्यायचं असतं तर इथे कशाला आले असते? ४ बाय ५ फूट, उंची साडेपाच. मुलगा आठ, मुलगी चार. नवऱ्याच्या ऑफिसशेजारच्या गोदामातून पॅकिंगचे पॅलेट आणून सोडवलेत. खिळेच मारलेत. तिरपं काही नाही. खिडक्यांच्या मध्येच पट्टी आली तर कसं दिसेल ते?

सुतारपक्षी
सापडला रोग. आइस्क्रीमच्या चार काड्यांचा चौकोन करा, टोकांना टाचण्या टोचा आणि बोटाने ढकला. लगेच लोळतो. आता पाचवी, जरा लांब काडी कोपऱ्यातून कोपऱ्यात लावा. जागचा हलत नाही. तुमचंही तेच झालंय. खिळे शंभर मारलेत तरी चौकट त्या खिळ्यांभोवती फिरणारच. मागच्या आणि एका बाजूच्या भिंतीला पूर्ण तिरपी पट्टी मारा. खिडकीच्या बाजूंना फक्त कोपऱ्यांत दीड-दीड फुटाचे तिरके तुकडे द्या, खिडकी मोकळी राहील. त्याआधी तळाचे दोन्ही कर्ण मोजा. ४ बाय ५ ला ६ फूट ५ इंचांच्या किंचित आत यायला हवेत, आणि मुख्य म्हणजे दोन्ही सारखे. नाहीतर वाकडं घर पक्कं कराल.

स्क्रू स्टेनलेसचे घ्या. ते जिप्सम बोर्डाला मारतात ते काळे स्क्रू पावसात गंजून मोडतात. आणि पॅलेटवरचा शिक्का बघा. ‘एचटी’ असेल तर तापवून कीड मारलेलं आहे, चालेल. ‘एमबी’ म्हणजे मिथाइल ब्रोमाइडची धुरी दिलेली. ते लाकूड मुलांच्या घराला नकोच.

अठरा_एमएम
एवढ्या तिरपातिरपीचा घाट कशाला? १२ मिमीचा प्लाय तीन बाजूंनी ठोका, अख्खी भिंतच तिरप्या पट्टीचं काम करते. फक्त आयएस ७१० शिक्क्याचा मरीन, म्हणजे पाण्यात टिकणारा, घ्या. एमआर, म्हणजे घरातल्या फर्निचरचा साधा प्लाय, घेतलात तर पहिल्याच पावसात पापडासारखा फुगेल.

सुतारपक्षी
मरीन प्लायचा भाव विचारलाय का अलीकडे? फुकटच्या पॅलेटला भरजरी अस्तर.

कोकणी_बांबू
दोघांचंही चुकतंय. बांबू घ्या. बोरॅक्स आणि बोरिक ॲसिडच्या पाण्यात मुरवून वाळवला की भुंगा लागत नाही. हलका, लवचिक, वाऱ्यालाही दाद देतो.

अठरा_एमएम
आमच्या गॅलरीतल्या बांबूच्या झोपाळ्याखाली रोज पिवळं पीठ सांडतं. भुंग्याला ते बोरिक कोणी कळवलं नसावं.

कोकणी_बांबू
बिनप्रक्रियेचा घेतलात आणि खापर बांबूवर फोडता.

गिरगावकर
आमच्या चाळीत जिन्याखाली आईचं जुनं लुगडं बांधलं की झालं घर. भातुकलीत चुरमुऱ्यांचा भात व्हायचा. दिवाळीत त्याच जागेवर किल्ला. एका वर्षी आमच्या किल्ल्यावर मावळ्यांच्या जोडीला प्लास्टिकचा डायनासोर होता आणि तोच पहारा द्यायचा. आताच्या मुलांना कर्ण मोजून घर लागतं.

माजी_सेक्रेटरी
मूळ प्रश्न कोणी विचारतच नाही. जागा कोणाची? मुलुंडला अंगण म्हणजे तळमजल्याचा फ्लॅट ना? मग मागची मोकळी जागा बहुधा सोसायटीच्या सामाईक मालकीची. तुमचं दार तिकडे उघडतं म्हणून ती तुमची होत नाही. कमिटीला पत्र द्या, पोच घ्या. पाय सिमेंटात गाडलेत की ‘तात्पुरतं’ म्हणायची सोयही जाते.

अबोली_मुलुंड
काका, तळमजलाच आहे. सेक्रेटरींची नातवंडंच त्या चौकटीला लोंबकळतात, तुमच्या मानाने हीच पोच समजा. पण बरं, देते पत्र. पाय आत्ता फूटभर मातीत पुरलेत, सिमेंट नाही.

सुतारपक्षी
मातीत?? वाळवीला ताट वाढून ठेवलंत. पाय वर काढा, खाली फरशीचे जाड तुकडे किंवा पेव्हर ब्लॉक द्या. लाकूड आणि माती यांची गाठ पडता कामा नये. पाय कोनपट्टीने ब्लॉकला जखडा, नाहीतर मुलांच्या दंग्यात सरकेल. छपराला मागे उतार हवा, ताडपत्री टाकणार असाल तर ताणून बांधा. तिच्या खोळीत पाणी साचलं की डेंग्यूचे डास तिथेच.

पावट्याची_उसळ
आमच्या प्लास्टिकच्या छपराला उतार कंपनीनेच दिलाय.

आत्तेबाई
दाराला बिजागऱ्या लावू नका गं. माझ्या पुतण्याचं बोट सांध्यात सापडलं होतं, नख गेलं. जुन्या साडीचा पडदा टाक, मुलांना तोच जास्त आवडतो.

अबोली_मुलुंड
आत्तेबाई, हे पटलं, पडदाच लावते. तिरप्या पट्ट्या आज मारल्या, खरंच हलत नाही! सासरे दोनदा रेटून बघून गेले, काही बोलले नाहीत. छपराला नुसती पातळ ताडपत्रीच टाकतेय. वर झावळ्यांची सावली आहे, उन्हाचा त्रास नाही.

सुतारपक्षी
झावळ्या?

माजी_सेक्रेटरी
कसल्या झावळ्या? वर माड आहे?

अबोली_मुलुंड
हो, आहे की. तो आधीपासूनच आहे. नारळ फार नाहीत.

कोकणी_बांबू
ताई, मी माडांतच वाढलो. नारळ फार नसतात, डोक्यात पडायला एक पुरतो. आणि वाळकी झावळ तर वारा नसतानाही खाली येते. ताडपत्रीने नारळ अडत नाही, प्लायनेही नाही. घर हलवा.

अठरा_एमएम
पहिल्यांदाच बांबूशी सहमत. चार दिवस प्लायचा विषय काढणार नाही.

सुतारपक्षी
ही गोष्ट पहिल्याच ओळीत यायला हवी होती हो. आम्ही इथे स्क्रू मोजत बसलोय.

माजी_सेक्रेटरी
वाळक्या झावळ्या आणि नारळ पावसाआधी उतरवून घ्या, तो खर्च सोसायटीचा. पत्रात तेही घाला.

अबोली_मुलुंड
आज हलवलं, कंपाउंडच्या भिंतीकडे. तिथे वर काहीच नाही, दोनदा बघितलं. नवरा, मी, सासरे आणि वॉचमन, चौघांनी उचललं. जागेवर ठेवल्यावर कर्ण परत मोजले, पाव इंचाचा फरक आलाय. चालेल का? आणि जांभळा ऑइल पेंट थेट लाकडावर द्यायचा की आधी प्रायमर? ११ जूनला पाऊस येतो म्हणतात, हातात एकच रविवार आहे.

सुतारपक्षी
पाव इंच चालतोय. लाकूड घासून घ्या, मग प्रायमर, नंतर पेंटचे दोन हात. पट्ट्यांची कापलेली टोकं सोडू नका, पाणी तिथूनच शिरतं.

कोकणी_बांबू
बांबूचं असतं तर दोघांनी उचललं असतं.